रुमालाचे चार कोपरे

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

ऑडिट झालं. सुटले एकदाची!

बंगळूरच्या एजन्सीची दोन माणसं आणि परदेशातून आलेली एक बाई, असे तिघे सकाळी साडेनऊलाच पलूसला आमच्या शेडवर हजर. बाईने संडासाचं दार उघडून बघितलं, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली, बायकांच्या सुया मोजल्या. एकतीस बायका, एकतीस सुया. पिण्याच्या पाण्याचा रिपोर्ट मागितला. दारात कुत्रं झोपलं होतं, त्याचंही विचारलं. मी म्हटलं, ते आमचं नाही, एमआयडीसीचं आहे. तेही लिहून घेतलं बयेने!

आणि हे सगळं कशासाठी, तर रुमालासाठी. ते स्कार्फ म्हणतात, आमच्या बायका रुमाल म्हणतात. रेशमी चौकोन छापून तिकडूनच येतो. आम्ही त्याची कड बोटांनी गोल वळायची, आत दडवायची आणि बारीक टाका घालायचा. मशीन लावायचं नाही. झालेला रुमाल परत तिकडे जातो, तिथे लेबल लागतं आणि लेबलावर त्यांच्या देशाचं नाव. पलूसचं नाव कुठेच नाही. कंपनीचं नाव मी या वहीतसुद्धा लिहीत नाही, करारात मनाई आहे. शेडवर सगळ्या 'बडं घर' म्हणतात. दुकानात एक रुमाल केवढ्याला जातो ते माझ्या लेकीने, प्रीतीने पुण्याहून शोधून सांगितलं. मी ते बायकांना सांगितलेलं नाही.

सोळा महिने नमुन्यादाखल थोडं थोडं काम देतायत. वर्षाची ऑर्डर द्यायची की नाही ते ३० सप्टेंबरला ठरणार. मिळाली तर एकतीस बायकांना बारमाही काम. नाही मिळाली तर मी परत शाळेचे गणवेश शिवायला मोकळी. त्या खाकीचा मला इतका वीट आलाय की पोस्टमन दिसला तरी डोकं उठतं.

बनुबाईला निरोप दिला होता, दोन दिवस पिशवी येणार नाही. तिचं नाव रजिस्टरला नाही. पण रुमालाचे चारही कोपरे तीच करते, कुंडलला घरी बसून. कड सगळ्या वळतात, कोपऱ्यावर मात्र दोन वळ्या एकमेकींवर येतात आणि कोपरा फुगतो. बनुबाईचा टोकदार येतो. कुंडलात कुणाचंही लग्न असलं की गव्हले करायला तिला बोलावतात. कणकेचे गव्हाएवढे दाणे चिमटीत वळायची सवय, तीच रेशमावर चालली. नवरा मानसिंग, पलटणीतून रिटायर, चार वर्षं अर्धांगाने पडून आहे. त्याला सोडून ती शेडवर कशी येणार? म्हणून तिची सून रेश्मा, आमची सुपरवायझर, संध्याकाळी पिशवीतून रुमाल घरी नेते आणि सकाळी आणते. माल शेडबाहेर न्यायचा नाही असा बड्या घराचा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी कधी कोपरा वळून बघितलाय का?

सुया मोजणारीला कोपरे फार आवडले. "हे कोण करतं?" म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या सगळ्यांचंच काम आहे." रेश्मा शेजारीच उभी होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस. मी एकासन धरलंय, म्हणजे दुपारी एकदाच जेवायचं. आजचा धर्म मार्दव, म्हणजे अहंकार सोडायचा. सकाळी सोडला. चार वाजता भूक लागली आणि परत धरला.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराज नेमके रेशमावर बोलायला लागले, एका साडीपायी किती किडे जातात ते. मी खाली मान घालून जप करत राहिले. आमचे यजमान मदनराव पुरुषांच्या बाजूला बसले होते, तिथून त्यांनी मला बरोबर हुडकलं आणि मिशीत हसले. मिरजेला औषधांची एजन्सी चालवतात. दुसऱ्याचं दुखणं लांबून ओळखायची त्यांना सवयच आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावणी. पर्व संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची. पूर्वी आम्ही घरोघर जाऊन हात जोडायचो, दुपारपर्यंत पाय मोडून यायचे. आता फोन आहे. प्रीतीने मजकूर मराठीत आणि इंग्रजीत करून पाठवला: 'गेल्या वर्षभरात जाणता-अजाणता, काया-वाचा-मनाने आमच्याकडून आपल्याला काही दुःख झालं असेल तर आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.' फोनमधले सगळे नंबर घेतले, ईमेलचे सगळे पत्ते घेतले आणि एकदम सोडून दिलं. दोनशे चौदा जण! पाच मिनिटांत वर्षभराचं ओझं उतरलं. लय हलकं वाटतंय.

शेडवर रेश्मा म्हणाली, "मॅडम, मला बी आला तुमचा मेसेज. आत्याबाईंकडं फोन न्हाई न्हवं, म्हून त्यास्नी न्हाई."

सासूचं, बनुबाईचं म्हणत होती. मी म्हटलं, बरं, तिसऱ्या टेबलावर बघ जरा, टाके मोठे पडतायत.

१० सप्टेंबर, बुधवार

करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

बड्या घराच्या नीती विभागाचं पत्र आलंय. ऑडिटच्या आधी त्यांनी शेडमध्ये एक तक्ता लावायला लावला होता, 'काही गैर दिसल्यास इथे कळवा'. त्यावरचा पत्ता मी तेव्हा फोनमध्ये साठवून ठेवला होता. क्षमेचा मजकूर तिथेही गेला. आणि ते लिहितात, आपण ८ सप्टेंबरला स्वतःहून दिलेल्या कबुलीबद्दल आभार. आपण कोणतं कृत्य केलं, कुणाला इजा झाली, त्यातलं जाणूनबुजून कोणतं आणि अजाणता कोणतं, हे सात दिवसांत वेगवेगळं कळवावं. शारीरिक इजा आहे का, हे खास वेगळं विचारलंय, कारण मजकुरात 'काया' होतं. प्रकरणाला नंबरसुद्धा दिलाय.

मी कपाळावर हात मारला. अरे, कबुली कसली? सण आहे तो आमचा!

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रीती फोनवर हसायलाच लागली. "आई, तू तो पत्ता घेतलासच कशाला?"

"सगळे घेतले, त्यात तो आला. दात काढू नकोस. उत्तर लिही."

तिने छान लिहिलं. आम्ही जैन आहोत, दरवर्षी या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे, ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांचीही मागतो, वाचून हात जोडायचे आणि आपणही क्षमा करायची, एवढंच. मी मदनरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "न केलेल्याची माफी मागतो असं लिहिलंस. ते विचारतील, मग केलेल्याची कवा मागता?"

मी म्हटलं, तुम्ही गोळ्या विका.

१३ सप्टेंबर, शनिवार

'आपल्या धार्मिक भावनांचा आम्ही आदर करतो. तथापि...'

त्या तथापिनेच माझं डोकं फिरलं. कबुली एकदा नोंदली की मागे घेता येत नाही म्हणे. अकरा पानी फॉर्म जोडलाय. १८ तारखेपर्यंत भरून द्यायचा. आणि शेवटी बारीक अक्षरात, हे प्रकरण मिटत नाही तोवर वर्षाच्या ऑर्डरचा निर्णय थांबवला आहे.

म्हणजे सोळा महिन्यांचं काम पाण्यात. कशामुळे? मी हात जोडले म्हणून! शिव्या दिल्या असत्या तर निदान उत्तर तरी आलं नसतं.

संध्याकाळी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. 'कृत्याचा दिनांक. कृत्याचं स्वरूप. बाधित व्यक्तीचं नाव.' वर्षभर आठवून बघितलं. जानेवारीत दूधवाल्याला टाकून बोलले. नणंदेला दिलेली साडी मला आधी दुसऱ्या कुणीतरी दिलेली होती. पण शेडवर? पगार वेळेवर, चहा दोनदा, दिवाळीला फराळाचा डबा. मी कुणाचं काय दुखावलंय? पिशवीचं आठवलं एकदा. पण त्यात दुःख कुणाला झालंय? उलट बनुबाईची घरबसल्या सोय होते. फॉर्म कोराच राहिला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

साताऱ्याला जाऊन आले. एजन्सीवाल्यांनी जयराजचं नाव सांगितलं होतं. मूळचा रहिमतपूरचा पोरगा, आधी एका मोठ्या कारखान्यात हेच ऑडिटचं काम करायचा. आता पोवई नाक्याजवळ छोटं ऑफिस टाकून आमच्यासारख्यांना कागद कसे भरायचे ते शिकवतो. जाताना कराडजवळ दोन तास अडकले. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्याने अकरा पानं चाळली आणि म्हणाला, "मॅडम, कोरा फॉर्म त्यांना चालत नाही. काही झालं नाही म्हणालात की ते शोधायला येतात. एक बारकी चूक द्या. ती दुरुस्त केली असं दाखवा. फाईल बंद."

"कसली चूक?"

"खरी असली तर बरी. खोटी पुढं लक्षात राहत नाही."

मी पिशवीचं सांगितलं. गड्याचे डोळे चमकले. "बेस्ट! फक्त तुम्ही पाठवली असं नको. मग ती मालकाची चूक होते, त्याला माफी नाही. बाईने परस्पर नेली. तुम्हाला कळल्याबरोबर तुम्ही तिला कमी केलं."

"अरे, ती रजिस्टरलाच नाही. कमी कशी करू?"

"मागच्या तारखेने घ्या. आणि काढा."

मी म्हटलं, बघते. त्याने चहा मागवला होता, पण दिवस मावळला होता, मावळल्यावर आम्ही काही घेत नाही. परत येताना रस्ताभर चिडचिड होत होती. कुणावर ते कळेना.

१७ सप्टेंबर, बुधवार

काही केलं नाही. डोकं दुखतंय. सकाळी बनुबाईकडून चाळीस रुमाल आले, एकही परत करावा असा नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाठवला फॉर्म.

रजिस्टरमध्ये बनुबाईचं नाव लिहिलं. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. त्याच ओळीत पुढच्या खान्यात 'कामावरून कमी'. शाई वेगळी दिसू नये म्हणून जुनं पेन शोधावं लागलं, त्यात अर्धा तास गेला.

मदनरावांना सांगायला नको होतं. ताटावरून उठता उठता म्हणाले, "वड्याचं तेल वांग्यावर काढलंस तू." मग आमचं जोरात वाजलं. तिचं बिघडतंय काय? कुंडलात तिला इंग्रजी कोण वाचून दाखवणार आहे? परदेशात कुणीतरी तिचं नाव एका खान्यात टाकेल आणि विसरून जाईल. इकडे एकतीस बायकांच्या चुली आहेत. मी काय स्वतःसाठी करतेय? त्यांनी टीव्ही लावला. न बोलणारा माणूस भांडणात फार त्रास देतो.

रेश्माला म्हटलं, थोडे दिवस पिशवी बंद ठेवू.

"आत्याबाईंचं काय चुकलं का, मॅडम?"

"नाही गं. कागदाचं काम आहे."

२२ सप्टेंबर, सोमवार

भीक नको पण कुत्रं आवर!

फॉर्म पोचला. समाधानकारक आहे म्हणे. आता फक्त 'संबंधित कामगाराचं' सहीचं निवेदन पाहिजे. तिने काय केलं, का केलं, तिला पश्चात्ताप होतो का, आणि यापुढे कंपनीच्या मालाला हात लावणार नाही अशी हमी. तिला समजणाऱ्या भाषेत. शुक्रवारपर्यंत.

आज घट बसले. शेजारच्या शेडमधल्या बायका नटूनथटून आल्या होत्या. माझं कशातच लक्ष लागलं नाही. जयराजला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, हे शेवटचं. मजकूर मीच मराठीत करून पाठवतो."

२४ सप्टेंबर, बुधवार

कुंडलला गेले. सोबत रेश्मा होती. ओढ्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर. बनुबाई मानसिंगला भात भरवत होती. मला बघून हात पुसून पुढे आली. "वैनी, पिशवी का बंद केलीसा? कोपरं बिघडली का माजी?"

मी म्हटलं, नाही हो, एका कागदावर सही पाहिजे. तिने पदराने चष्मा पुसला आणि कागद हातात घेतला. मी म्हटलं, "मी सांगते काय आहे ते."

"चौथीपतोर शिकलीया मी," ती म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? रजिस्टरला नाव असतं तर शिक्षणाचा खाना भरला असता.

ती बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागली. "'मी कंपनीचा माल मालकांना न विचारता परस्पर घरी नेला.' मी न्हेला?"

"कागदापुरतं, बनुबाई."

"'याबद्दल मला पश्चात्ताप होत असून मी माफी मागते.' कुणाची?"

"कंपनीची."

"ती कुठं ऱ्हाती?"

मी देशाचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. खाटेवरून मानसिंग जड जिभेने बोलला, "सही करू नगंस. पलटनीत आसलं लय कागद बघितल्यात. सही करनारा जातो, लिवनारा ऱ्हातो."

ती मागे वळली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "न्हाई केली तर रेश्माच्या कामाचं काय?"

मी पर्समधून पेन काढून तिच्यापुढे धरलं. रेश्मा दाराशी उभी राहून बाहेर ओढ्याकडे बघत होती.

मग तिने खाली बसून, मांडीवर पाट घेऊन, पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याचं, आडनावासकट. पाच मिनिटं लागली.

मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की तिने चहा विचारला नाही. सोळा महिने जातेय, दरवेळी विचारते. एवढी मोठी ऑर्डर तिच्या सुनेच्याही पोटाची आहे, हे तिला समजायला पाहिजे होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

प्रकरण बंद! तीन ओळींचं पत्र. 'कामगाराने दाखवलेलं धैर्य आणि व्यवस्थापनाची पारदर्शकता अनुकरणीय आहे.' बनुबाईचं निवेदन ते इतर देशांतल्या कारखान्यांना शिकवण्यासाठी वापरणार आहेत, नाव खोडून.

मदनरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव तेवढं खोडतात व्हय? बरं झालं."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑर्डर तीस तारखेला आली. वर्षाची. शेडवर बायकांनी टाळ्या वाजवल्या. काल दसऱ्याला सुया-कात्र्यांची पूजा केली, सोनं वाटलं.

आज पहिले तीनशे रुमाल हातात घेतले आणि आनंद संपला. कोपरे! रेश्माने वळला, तो भज्यासारखा फुगला. दुसरीने वळला, तो वाकडा. भाग्यश्री म्हणून नवीन हुशार पोरगी आहे, तिने चार वेळा उसवून पाचव्यांदा केला, तर तिथलं रेशीमच विरलं. बारा तारखेला माल बंगळूरला पोचवायचाय.

दुपारी गाडी काढून कुंडलला गेले. म्हटलं, "बनुबाई, आता घरी नको, शेडवर या. रोज गाडी पाठवते. मानसिंगरावांपाशी दिवसभर बाई ठेवते. रजिस्टरला नाव लावते, सगळं रीतसर."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "माज्या सहीचं काय?"

"कसली सही?"

"त्यात लिवलंय, हितनं म्होरं मालाला हात लावणार न्हाई. मी वाचून सही केलीया."

"अहो, तो कागद खोटा होता! तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे!"

"कागद खोटा आसंल, वैनी. सही माजी खरी हाय."

मी तासभर समजावलं. एकदा तर हात जोडायचं तेवढं बाकी राहिलं. खाटेवर मानसिंग डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. असला ताठा! दोन बोटांची कला काय आली, बाई शेडची मालकीण झाली. गाडीत बसल्यावर रडू आलं मला. रागाचंच होतं ते.

५ ऑक्टोबर, रविवार

तो कागद रद्द झाल्याशिवाय ती येत नाही, आणि ती आल्याशिवाय कोपरे होत नाहीत. म्हणजे कागद रद्द करायलाच पाहिजे.

प्रीतीला फोन लावला आणि सांगितलं, मी बोलते तसं इंग्रजीत लिही. 'पिशव्या मी पाठवत होते. सोळा महिने, रोज. बनुबाईंना मी सांगितलं म्हणून त्या घरी काम करत होत्या. निवेदन त्यांनी लिहिलेलं नाही. सुनेचं काम जाईल या भीतीने त्यांनी सही केली, आणि मी ती भीती घालवली नाही. त्यांची सही परत द्यावी.'

शेवटून दुसरं वाक्य सांगताना मी अडखळले. ते मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं.

प्रीतीने सगळं टाइप केलं. मग म्हणाली, "आई, ऑर्डर जाईल."

"कोपरे नाही झाले तरी जाणारच आहे. पाठव."

७ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर एका मिनिटात आलं होतं, मी आज बघितलं. 'हे प्रकरण बंद झालं आहे. बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत.'

मी दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं. तिथूनही तेच. तिसऱ्यांदा एजन्सीला पाठवलं, तर तिथल्या माणसाचा घाबराघुबरा फोन. "मॅडम, आता हे मधेच काय काढलंत? तुमचे मार्क चांगले आलेत. गप बसा ना!"

काय माणसं आहेत! मी काही केलं नाही म्हणत होते तेव्हा हात धुऊन पाठीमागे लागले. आता केलंय म्हणून ओरडतेय, तर घरात कुणी नाही. सहीचा कागद कुठल्या देशात, कुठल्या कपाटात आहे देव जाणे. मला तो परत आणता येत नाही. दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही. शेडवर एक कपबशी फोडली, मुद्दाम.

१२ ऑक्टोबर, रविवार

माल काल रात्रीच्या गाडीने गेला. तीनशे रुमाल, बाराशे कोपरे. त्यातले पन्नास तरी बरे असतील का, शंका आहे. गणवेशवाल्या शाळेचा नंबर शोधून ठेवलाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पास झाले. तीनशेच्या तीनशे.

बड्या घराची ती सुयावाली बाई स्वतः बंगळूरला आली होती. लिहिलंय, काम नेहमीसारखंच उत्कृष्ट. नेहमीसारखंच! पुढच्या महिन्यापासून दुप्पट माल पाठवतायत. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग शेडमध्ये उरलेला एक फुगलेला कोपरा घेऊन खिडकीशी बसले. मला तो फुगवटा हात लांब धरूनही दिसत होता. त्यांना कसा दिसला नाही?

पण सुटलो तर खरं. आज धनत्रयोदशी, म्हटलं गोड बातमी आहे. पेढ्यांचे डबे आणले, बायकांना वाटले. एक डबा घेऊन कुंडलला गेले. मला वाटलं, बनुबाईच्या मनावरचंही ओझं उतरेल. आपल्यामुळे शेड बुडाली असं तिला वाटायला नको.

ती उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी दारातूनच सांगितलं, "बनुबाई, काळजी मिटली! सगळा माल पास झाला. तुम्ही नव्हता तरी निभावलं."

तिचे हात थांबले.

"कोपरं बघितली त्यांनी?"

"बघितली की. एकही परत आला नाही."

"फुगल्याली?"

"होय. तशीच घेतली."

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मंग सोळा म्हैनं मी कशापायी डोळं घालवलं, वैनी?"

मी खाली तिच्यासमोर बसले. साडीला माती लागली ते नंतर कळलं. म्हटलं, "बनुबाई, माझं चुकलं. पिशव्या मी पाठवल्या आणि आळ तुमच्यावर घेतला. सही तुमच्याकडून मी काढून घेतली. खरं काय ते त्यांना लिहिलं, पण ते वाचत नाहीत."

"त्ये मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "रेश्मानं सांगितलंय. मी इचारलं त्येचं सांगा."

आतून मानसिंगने पाणी मागितलं. ती उठून गेली, मी पेढ्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गाडीत येऊन बसले.